फ्रेंच पशुवैद्यक शाळांतील अध्यापकांची शास्त्रसेवा

आपल्या घरांत मूल जन्माला आलें, कीं थोड्याच दिवसांत त्याच्या डाव्या दंडावर एक बारीकशी लस टोंचतात; पुढें महिन्या-दीड महिन्यानें तेथें एक पुळी येते आणि तिचा वण जन्मभर राहतो. ही क्षयावरची लस. तिला 'बी. सी. जी.' म्हणतात, आणि आपल्या देशांत ती १९४८ पासून टोंचली जात आहे. या तीन अक्षरांतलें पहिलें 'बॅसिलस' या जंतुवाचक शब्दाचें, दुसरें काल्मेत या डॉक्टराचें आणि तिसरें कामीय गेरें नांवाच्या त्याच्या सहकाऱ्याचें. हा गेरें माणसांचा वैद्य नव्हता. तो गुरांचा डॉक्टर होता. पॅरिसजवळच्या आल्फोर येथील पशुवैद्यक शाळेंत त्याचें शिक्षण झालें. लील शहरीं १९०८ पासून १९२१ पर्यंत त्या दोघांनीं क्षयाचा एक जंतु पित्तांत शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर २३० वेळां वाढवून निरुपद्रवी केला, तीच ही लस. तो जंतुही मूळचा एका गाईच्या दुधांतला, आणि तो वेगळा काढणारा एदमों नोकार हा आल्फोरच्याच शाळेंतला अध्यापक व गेरेंचा गुरु.

हें सर्व येथें सांगण्याचें कारण असें. आम्ही लहानपणीं शाळेंत पाश्चरचा धडा वाचला, तेव्हां त्यांत पशुवैद्य येत ते एकाच कामासाठीं: पाश्चरच्या प्रयोगाची अगोदर टिंगल करावयास, व तो यशस्वी झाल्यावर खजील व्हावयास. ही गोष्ट अगदींच खोटी नव्हे. रोसिन्योल नांवाच्या एका पशुवैद्यानें १८८१ च्या जानेवारींत तशी लेखी टिंगल केलीही होती. परंतु त्या धड्यानें आमच्या मनांत जें चित्र उमटवलें, कीं एका बाजूस एकटा ज्ञानी रसायनशास्त्रज्ञ व दुसऱ्या बाजूस अडाणी ढोरवैद्यांचा जमाव, तें चित्र साफ चुकीचें आहे. फ्रान्समध्यें त्या काळीं तीन पशुवैद्यक शाळा होत्या, ल्यों, आल्फोर आणि तुलूझ येथें. त्यांच्या अध्यापकांनीं जें शोधलें व छापलें तें बाजूस काढलें, तर पाश्चरच्या चरित्रांतलीं दोन अत्यंत प्रसिद्ध प्रकरणें आज आहेत तशीं उभीं राहत नाहींत. पहिलें फाशीचें, म्हणजे गुरांमेंढरांना होणाऱ्या व डॉक्टर लोक अँथ्रॅक्स म्हणतात त्या रोगाचें. आणि दुसरें अलर्काचें, म्हणजे पिसाळलेलें कुत्रें चावल्यानें होणाऱ्या रोगाचें. हें मत आम्हीं एका दिवसांत बनवलेलें नाहीं, आणि पाश्चरविषयींचा आमचा आदर त्यानें नाहींसाही झालेला नाहीं. तरी तें बोलून दाखवणें अवश्य वाटतें.

या शाळांचा मूळपुरुष क्लोद बूर्जला हा ल्यों येथील घोडेस्वारीच्या विद्यालयाचा प्रमुख होता. घोडा बाहेरून ओळखणारे लोक पुष्कळ होते. तो आंतून कसा असतो तें समजून घ्यावें असें या गृहस्थास वाटलें. १७५० पासून त्यानें अश्ववैद्यकावर ग्रंथ लिहिले आणि दिदेरोच्या प्रसिद्ध ज्ञानकोशांतही त्या विषयावर लेख दिले. त्या शतकांत बुळकांडीच्या सांथींनीं यूरोपांतलें गोधन वारंवार बुडत होतें, आणि राजदरबारास उपाय हवा होता. पंधराव्या लुईच्या मंत्रिमंडळानें ४ ऑगस्ट १७६१ रोजीं बूर्जलाला शाळा काढण्याची परवानगी दिली, व १७६२ च्या आरंभीं ल्योंच्या एका उपनगरांतील जुन्या खानावळीच्या इमारतींत जगांतली पहिली पशुवैद्यक शाळा सुरू झाली. त्या खानावळीचें नांव 'समृद्धि' असें होतें. थोड्याच अवधींत डेन्मार्क, स्वीडन, ऑस्ट्रिया येथील सरकारांनीं आपले विद्यार्थी तेथें पाठवले. आल्फोरची शाळा १७६६ च्या सुमाराची. तुलूझची बऱ्याच उशिरानें, १८२८ त, उघडली.

या शाळांतील अध्यापकाचें जिणें कसें होतें, याची वाचकांनीं कल्पना करावी. सकाळीं व्याख्यान, मग दवाखान्यांत लंगडे घोडे व खोकणाऱ्या गाई, दुपारीं शवविच्छेदन, आणि मधूनच एखाद्या जिल्ह्यांतून बोलावणें, कीं मेंढ्या पटापट मरत आहेत, येऊन पाहा. समाजांत माणसांच्या डॉक्टरास जो मान, तो यांस नव्हता. परंतु एक गोष्ट यांच्यापाशीं होती जी माणसांच्या डॉक्टरापाशीं असणें शक्य नव्हतें. यांचा रोगी हाच यांचा प्रयोगविषय होऊं शकत होता. रोग झालेल्या मेंढीचें रक्त निरोगी मेंढीस टोंचून काय होतें हें पाहण्यास यांस कोणाची संमति घ्यावी लागत नव्हती. रोग संसर्गानें पसरतो कीं आपोआप उद्भवतो, या वादाचा निकाल वैद्यकांत लवकर लागेना. पण गोठ्यांत तो पुष्कळदां लागून चुकलेला असे.

शिवाय यांना छापण्याची संवय होती. आल्फोरच्या मंडळींचें मासिक १८२४ पासून निघत होतें, ल्योंचें १८४५ पासून, आणि तुलूझच्या अध्यापकांनीं १८७६ त आपलें स्वतःचें काढलें. खेड्यापाड्यांतला पशुवैद्य त्यांत आपली हकीकत पाठवी, अध्यापक ती तपासून व तिला आपली जोड देऊन प्रसिद्ध करीत. पॅरिसच्या विज्ञान-अकादमीच्या साप्ताहिक इतिवृत्तांतही यांचीं टिपणें येऊं लागलीं होतीं. ल्योंचा ओग्युस्त शोव्हो तर त्या सभेच्या ओळखीचाच झाला होता. १८५७ त त्यानें पाळीव प्राण्यांच्या तुलनात्मक शरीररचनेवर जो ग्रंथ लिहिला तो इंग्रजींतही उतरला. घोड्याच्या हृदयांत नळ्या घालून आंतील दाब मोजण्याचे त्याचे व मारेचे १८६० नंतरचे प्रयोग आजच्या हृदयरोगतज्ज्ञांसही पूज्य आहेत. देवीच्या लशींतली गुणकारी वस्तु पाण्यांत विरघळणारी नसून तिचे सूक्ष्म कण आहेत, हें त्यानें १८६८ त दाखवलें. तूसें याच शोव्होचा शिष्य.

आंरी तूसें १८४७ त व्होज प्रांतांतल्या एका खेड्यांत जन्मला, ल्यों येथें शिकला, आणि १८७६ त तुलूझच्या शाळेंत शरीररचना व शारीरक्रिया हे विषय शिकवावयास गेला. वय एकोणतीस. तुलूझ फार दक्षिणेस. पॅरिसमध्यें पाश्चरपाशीं जसे मदतनीस, जसें साहित्य, जसा सरकारदरबारीं शब्द, तसें तेथें कांहीं नव्हतें. तरी पुढच्या चार-पांच वर्षांत या माणसानें केलेलें काम पाहिलें कीं आश्चर्य वाटतें. १८७९ त त्यानें फाशीरोगावर ग्रंथाएवढा प्रबंध प्रसिद्ध केला. कोंबड्यांच्या पटकीचा जंतु त्याच सुमारास तूरिनच्या पशुवैद्यक शाळेंतील पेरोंचितो या अध्यापकानें वर्णिला होता. तूसेंनें त्यास पुष्टि दिली आणि त्या रोगाचें बीं पाश्चरकडे पाठवून दिलें. १८८० च्या फेब्रुवारींत पाश्चरनें, जंतु दुर्बल करून त्याचीच लस बनवतां येते, असा जो जगप्रसिद्ध सिद्धांत मांडला तो या कोंबड्यांच्या पटकीवरच्या प्रयोगांतून. शिळ्या संवर्धनाची गोष्ट सर्व चरित्रांत मोठ्या रसानें सांगतात. तें बीं तुलूझहून आलें होतें हें सांगावयास मात्र बहुतेकांस जागा पुरत नाहीं.

फाशीरोगानें त्या वेळीं फ्रेंच शेतकरी जेरीस आला होता. बोस प्रांतांत कांहीं शेतांना लोक शापित म्हणत. तेथें चरावयास गेलेली मेंढी परत येईलच असा भरंवसा नसे. आपल्याकडेही या रोगाची ओळख सांगण्याची गरज नाहीं. संध्याकाळीं दावणीला बांधलेलें जनावर सकाळीं फुगून मेलेलें दिसतें, नाकातोंडावाटें काळें रक्त, आणि त्याचें कातडें सोलणाऱ्या माणसाच्या हातावर काळी पुळी.

१२ जुलै १८८० रोजीं अकादमीच्या बैठकींत आंरी बूले यानें तूसेंचें एक टिपण सादर केलें. हा बूले आल्फोरचा जुना अध्यापक, आतां सर्व पशुवैद्यक शाळांचा मुख्य तपासनीस, आणि अकादमीचा सभासद. टिपणांत म्हटलें होतें, कीं प्रतिबंधक टोंचणी करून जनावरांना फाशीपासून सुरक्षित करतां येतें, आणि तसें आपण केलें आहे. कसें केलें हें मात्र त्यांत नव्हतें. तें एका मोहोरबंद लखोट्यांत घालून सभेच्या हवालीं केलें होतें. अशी चाल त्या सभेंत होती. शोधाची तारीख आपल्या नांवावर लागावी, पण कृति पूर्ण पडताळून होईपर्यंत बाहेर फुटूं नये, एवढ्यासाठीं लोक असे लखोटे ठेवीत. परंतु वैद्यमंडळींत गवगवा झाला, कीं हा काय गुप्त औषधाचा धंदा आहे? तेव्हां ऑगस्टच्या आरंभीं लखोटा फोडण्यांत आला.

आंतील कृति साधी होती. रोगी जनावराचें रक्त घ्यावें, घुसळून त्यांतले तंतु काढावे, ५५ अंश उष्णतेवर दहा मिनिटें ठेवावें, आणि तें मेंढ्यांना टोंचावें. अशा मेंढ्यांना पुढें अस्सल जहरी रक्त टोंचलें तरी त्या मेल्या नाहींत. तूसेंची समजूत अशी, कीं उष्णतेनें जंतु मरतात, आणि रक्तांत विरघळलेला कांहीं पदार्थ रक्षण करतो. ऑगस्टमध्येंच आल्फोर येथें वीस मेंढ्यांवर ही लस तपासली, तेव्हां चार मेंढ्या लशीनेंच दगावल्या. राहिलेल्या सोळांनीं मात्र रोगास दाद दिली नाहीं. याचा अर्थ उघड होता. जंतु सगळे मेले नव्हते. ते अर्धमेले होऊन काम करीत होते. पाश्चर त्या वेळीं सुट्टींत आर्ब्वा या आपल्या गांवीं होता. बातमी ऐकून तो अस्वस्थ झाला, आणि आपल्या सहकाऱ्यांकडून त्यानें हा प्रयोग तत्काळ पडताळावयास लावला. मेलेल्या जंतूंनीं संरक्षण मिळणार नाहीं, हें त्याचें म्हणणें या एका बाबतींत खरें ठरलें. तूसेंनेंही आपलें मत थोड्याच आठवड्यांत बदललें. उष्णता सोडून तो कार्बोलिक अॅसिडाकडे वळला, आणि या पद्धतीनें त्याला अधिक स्थिर फळ मिळूं लागलें.

यानंतरची हकीकत पुस्तकांत सांपडते ती अशी. २८ फेब्रुवारी १८८१ रोजीं पाश्चरनें जाहीर केलें, कीं ४२-४३ अंशांवर हवेंत वाढवलेला फाशीचा जंतु हवेंतल्या प्राणवायूनें दुर्बल होतो व त्याची लस होते. रोसिन्योलनें पुढाकार घेऊन पुई-ल-फोर या गांवीं जाहीर कसोटी ठरवली. ५ मे व १७ मे रोजीं पंचवीस मेंढ्यांना लस टोंचली, ३१ मे रोजीं त्या व लस न टोंचलेल्या दुसऱ्या पंचवीस, अशा सर्वांना जहरी जंतु टोंचले, आणि २ जूनला पाहणाऱ्यांच्या गर्दीसमोर एका बाजूस प्रेतांची रांग व दुसऱ्या बाजूस चरणारीं जनावरें. जगभर डंका वाजला.

पण त्या मेंढ्यांना टोंचलेली लस प्राणवायूनें दुर्बल केलेली नव्हती. पाश्चरचा सहकारी शांबेरलां यानें ती पोटॅशियम बायक्रोमेट या जंतुनाशक द्रव्यानें बनवली होती. म्हणजे जंतूंवर रासायनिक विष घालून त्यांस दुबळें करावयाचें, ही तूसेंच्या कार्बोलिक पद्धतीची सख्खी बहीण. जाहीर टिपणांत पाश्चरनें हें सांगितलें नाहीं, आणि ऐकणारांनीं लस प्राणवायूचीच समजली. पाश्चरच्या पत्नीचा भाचा आद्रियें ल्वार हा त्याच्या प्रयोगशाळेंत काम करीत असे. त्यानें १९३८ त आपल्या आठवणींत ही गोष्ट प्रथम उघड केली, पण तिकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. पाश्चरच्या प्रयोगांच्या वह्या घराबाहेर गेल्या नव्हत्या. १९६४ त नातवानें त्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिल्या, आणि त्या वाचून जेराल्ड गायसन या अमेरिकन इतिहासकारानें १९९५ त आपल्या ग्रंथांत सर्व प्रकरण पानें व तारखा देऊन मांडलें. त्यावर मोठा वाद झाला. वह्यांत काय लिहिलें आहे याविषयीं मात्र वाद नाहीं.

आतां आमचें मत. पाश्चर लबाड होता असें म्हणावयास आम्ही तयार नाहीं. बायक्रोमेटाची लसही जिवंत जंतूचीच होती, त्यामुळें त्याचा मूळ सिद्धांत ढासळत नाहीं. आणि हजारों मेंढ्यांना पुरेल, दर वेळीं सारखीच उतरेल, अशी लस तयार करून ती शेतकऱ्याच्या दारीं पोंचवणें हें कर्तृत्व तूसेंचें नव्हे, त्याचेंच. तूसेंची लस एकदां साधे, एकदां हुके. पण या सर्वांचा विचार करूनही तें मौन आमच्या घशाखालीं उतरत नाहीं. एका वाक्यानें काम झालें असतें. 'रासायनिक द्रव्यानें जंतु दुर्बल करण्याची वाट तुलूझच्या अध्यापकानें दाखवली' एवढें म्हटल्यानें पाश्चरच्या कीर्तींतला एक कणही कमी होता ना.

सर्वांत अवघडलेली स्थिति असावी ती बूलेची. आयुष्याचा मोठा भाग त्यानें संसर्गवादाविरुद्ध बोलण्यांत घालवला होता. उतारवयांत त्याचें मत पालटलें आणि तो पाश्चरचा उत्कट भक्त झाला. असा माणूस तूसेंचा लखोटा घेऊन पाश्चरच्याच सभेंत उभा राहिला होता. शिष्याचा अभिमान एकीकडे, नव्या गुरूची नाराजी दुसरीकडे. त्यानें दोन्ही सांभाळण्याचा प्रयत्न केला. पण गर्दी जिकडे वळली तिकडे शेवटीं तोही वळला. १८८५ त, अकादमीच्या अध्यक्षपदावर असतांनाच, तो वारला.

तूसेंला १८८१ नंतर मज्जातंतूंच्या विकारानें ग्रासलें. वर्ग सुटले, प्रयोग सुटले. ३ ऑगस्ट १८९० रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. त्याच्या बाजूनें भांडावयास कोणी मोठा उरला नव्हता. उरलें होतें तें १२ जुलैचें छापील टिपण. त्यावरची तारीख कोणाला खोडतां आली नाहीं, आणि शंभर वर्षांनीं वह्या उघडल्या तेव्हां ज्या कागदाशीं त्या ताडून पाहिल्या तो कागद हाच. अध्यापकांनीं वर्षाकांठीं किती निबंध छापले याची मोजदाद हल्लीं महाविद्यालयांतून जोरांत चालते, आणि आम्ही स्वतः त्या मोजदादीला पुष्कळदां नाकें मुरडलीं आहेत. तूसेंचें हें प्रकरण वाचल्यापासून मुरडतांना थोडें थबकावें लागतें.

याच वर्षांत ल्यों येथें आर्ल्वें आणि कोर्नव्हें हे दोन अध्यापक तोमा नांवाच्या एका खेड्यांतल्या पशुवैद्यास बरोबर घेऊन फऱ्या रोगाच्या मागें लागले होते. फऱ्या हा फाशीहून अगदीं निराळा रोग आहे, हें त्यांनीं सिद्ध केलें, त्याची लस काढली व १८८३ त त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या लशीवर पाश्चरनें हक्क सांगितला नाहीं, म्हणून ती फारशी कोणाला ठाऊकही झाली नाहीं!

आल्फोरच्या नोकारचें भाग्य निराळें. तो शाळेंतही होता आणि पाश्चरच्या मंडळांतही, त्यामुळें त्याचें कांहीं हरवलें नाहीं. १८८३ त कॉलऱ्याचा जंतु शोधावयास पाश्चरनें इजिप्तमध्यें जी तुकडी पाठवली तींत रू, स्त्राउस व थ्विलिए यांच्याबरोबर हा होता. थ्विलिए तेथेंच कॉलऱ्यानें मेला. पुढें गुरांच्या फुप्फुसदाहाचा जंतु नोकार व रू यांनीं १८९८ त वाढवून दाखवला, आणि नोकारनें लक्लेंश या तुलूझच्या अध्यापकाबरोबर जनावरांच्या जंतुजन्य रोगांवर जो ग्रंथ १८९६ त प्रसिद्ध केला तो पुढें कित्येक वर्षें या विषयावरचा आधारग्रंथ होता. लक्लेंशनें पुढें १९२४ त पॅरिस येथें जनावरांच्या सांथींसाठीं आंतरराष्ट्रीय कचेरी उभी केली. ज्या बुळकांडीच्या धास्तीनें बूर्जलाची शाळा निघाली, ती बुळकांडी पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें २०११ त याच कचेरीनें जाहीर केलें.

राहिला व्हिक्टर गाल्त्ये. तूसेंहून हा एक वर्षानें मोठा, आणि ल्योंच्या शाळेंत सांसर्गिक रोग व त्यांविषयींचे सरकारी कायदे शिकवीत असे. विषय रुक्ष, माणूसही प्रसिद्धीच्या हव्यासाचा नव्हता. पिसाळलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करणें त्या काळीं जिवावरचें काम होतें. शिवाय एका कुत्र्याचें विष दुसऱ्यास टोंचलें तर तें कधीं लागे, कधीं न लागे. लागलें तर कोणाला पंधरवड्यांत, कोणाला चार महिन्यांनीं. असा रोग प्रयोगशाळेंत बांधून ठेवणें अशक्य. गाल्त्येनें तें विष सशांना टोंचलें. ससे पिसाळून चावत नाहींत, लुळे पडतात. आणि रोग सरासरी अठरा दिवसांत दिसतो. २५ ऑगस्ट १८७९ रोजीं हें त्यानें अकादमीस कळवलें. त्याच टिपणांत त्यानें आणखी एक विचार मांडला होता: विष शरीरांत शिरल्यानंतर रोग उमटेपर्यंत इतके दिवस जातात, तर मधल्या काळांत त्याचा नाश करणारा उपाय कां शोधूं नये? कुत्रें चावल्यानंतर लस टोंचून माणूस वांचवण्याची जी कल्पना आज आपल्याला नित्याची वाटते, तिचें बीज या प्रश्नांत आहे.

मग १ ऑगस्ट १८८१ च्या टिपणांत त्यानें कळवलें, कीं पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ मेंढीच्या शिरेंत टोंचली असतां मेंढीला अलर्क होत नाहीं. उलट पुढें त्या विषापासून तिचें रक्षण होतें असें दिसतें. अलर्कावर प्रतिबंधक टोंचणी करतां येते, हें कोणीं प्रथम छापून सांगितलें असेल तर या रुक्ष विषयाच्या अध्यापकानें.

पाश्चर व रू यांनीं सशाची वाट पुढें फार लांब नेली. विष थेट मेंदूंत टोंचावयाचें, एका सशांतून दुसऱ्या सशांत नेत नेत त्याचा काळ आठवड्यावर आणून कायम करावयाचा, मग सशाचा मज्जारज्जु कोरड्या हवेंत वाळवून विष मवाळ करावयाचें, ही सर्व कामगिरी त्यांची, आणि ती थोर आहे. ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ मेस्तर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोंचली. पाश्चरच्या सुप्रसिद्ध टिपणांतून गाल्त्येचें नांव मात्र क्वचित्‌च भेटतें. ससा मात्र पानोपानीं आहे.

आमच्या पिढीला या लशीचें जें रूप ठाऊक आहे तें याहून थोडें निराळें. कसौलीच्या संस्थेंत डेव्हिड सेंपल यानें १९११ त अलर्काचें विष मेंढीच्या मेंदूंत वाढवून, मग तें कार्बोलिक अॅसिडानें मारून लस तयार केली, आणि तीच आपल्या देशांत २००५ च्या सुमारापर्यंत चालली. बेंबीभोंवतीं पोटांत चौदा टोंचण्या! खेड्यांत कुत्रें चावलें कीं मुलापेक्षां आईच अधिक रडे, ती या चौदांच्या धास्तीनें. सेंपलनें तूसेंचें टिपण वाचलें होतें असें सुचवण्याचा आमचा हेतु नाहीं. पण मेंढी आणि कार्बोलिक अॅसिड, हीं दोन्ही नांवें या निबंधांत एकदां येऊन गेलीं आहेत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

गाल्त्येच्या मेंढ्यांवरच्या प्रयोगाविषयीं त्या काळीं पुष्कळांस शंका होती, कारण कुत्र्यावर तो जमत नव्हता. गाल्त्ये म्हणत असे, कुत्र्याचें राहूं द्या. पिसाळलेलें कुत्रें कळपांत शिरून मेंढ्यांना व गाईंना चावतें, त्या शेतकऱ्याचें नुकसान टळलें तरी पुरे. १८८८ त नोकार व रू या दोघांनीं तो प्रयोग मेंढ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांवर पुनः करून पाहिला आणि तो बरोबर निघाला. तो निकाल छापला गेला पाश्चर संस्थेच्या मुखपत्रांत, ज्या वर्षीं त्या संस्थेची नवी इमारत उघडली त्याच वर्षीं. गाल्त्ये त्यानंतरही वीस वर्षें ल्योंच्या शाळेंत होता, आणि १९०८ त तेथेंच वारला.